उजव्या बाजूची सारंगी

बुऱ्हाणपुरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, दाराला जाड गोधडी. तरीही मोहल्ल्यातल्या पावरलूमची खटखट आत येतेच, म्हणून गाणाऱ्यांना मी शुक्रवारी बोलावतो. त्या दिवशी लूम बंद असतात. बाकीचे दिवस मिक्सिंगचे. गळा, पेटी, ढोलक, टाळ वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतात, ते एकत्र बसवायचे. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे ठरवायचं.

या कामात कान फसतात. तेच तेच ऐकत बसलं की वाईटही बरं वाटायला लागतं. म्हणून मधूनमधून मोठ्या स्टुडिओत निगुतीनं केलेलं, आपल्या पूर्ण ओळखीचं एखादं गाणं लावायचं आणि आपलं काम त्याच्या शेजारी ठेवून पाहायचं. त्याला रेफरन्स ट्रॅक म्हणतात. माझा रेफरन्स म्हणजे एक जुनी गझल. गाणारी बाई बरोबर मधोमध, तबला डावीकडे, सारंगी उजवीकडे. ती गझल मी इतकी ऐकली होती की सारंगीवाला गज कुठे उलटा फिरवतो तेही मला कळायचं.

त्या पावसाळ्यात एका ताईंची देवीची गाणी माझ्याकडे होती. ताई देडतलाईच्या शाळेत शिकवायच्या आणि नवरात्रात इच्छापुरला देवीसमोर गायच्या. या वेळी गाणीही त्यांचीच होती, चालीही त्यांच्याच. नवरात्राच्या आधी ती लोकांपर्यंत पोचावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रेकॉर्डिंग छान झालं. पहिलं गाणं मिक्स करून मी त्यांना पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भाऊ, गाडीत ऐकलं. पेटी एकाच साइडनं आदळून राहिली. माझा आवाज पार दबून गेला."

पेटी मी उजवीकडे ठेवली होती, पण आदळण्याइतकी नक्कीच नाही, असं मला वाटलं. खात्रीसाठी गझल लावली. बाई मधोमध नव्हती. डावीकडे सरकली होती. आणि सारंगी जणू शेजारच्या घरात वाजत होती.

उजवा स्पीकर गेला, असं मी धरलं. वायरींची अदलाबदल करून पाहिली. सारंगी डाव्या स्पीकरमधून आली तर स्वच्छ, आणि उजव्यातून आलेला तबला मिणमिणता. म्हणजे दोष उजव्या स्पीकरचाच. हेडफोन होता, पण त्याची उजवी बाजू आधीपासूनच कधी बोलायची, कधी नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? स्पीकर खोक्यात बांधून इंदूरला दुरुस्तीला पाठवला. त्या दिवसांत उजव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं, आत बारीक शिट्टी वाजत होती. सर्दी उतरली असेल म्हणून मी वाफ घेत राहिलो. फोन मी सवयीनं डाव्या कानालाच लावतो, त्यामुळे बोलताना काही कळलं नाही.

स्पीकर जसाच्या तसा परत आला. दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं की त्यात काहीच बिघडलेलं नाही. मी तो जागेवर लावला, गझल सुरू केली, आणि काय सुचलं कोण जाणे, खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. आता उजवा स्पीकर माझ्या डाव्या कानाकडे होता. सारंगी लख्ख ऐकू आली. तबला गेला होता.

मी तसाच भिंतीकडे बघत बसलो. गाणं संपलं. खाली बायको भाजी चिरत होती, तिला जाऊन सांगितलं. तिनं विळी बाजूला सारली, हात धुतले आणि म्हणाली, "चला, आत्ताच्या आत्ता."

कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा ठोकून, तो घुमत असतानाच माझ्या कपाळाला टेकवला आणि आवाज कुठून येतो ते विचारलं. मी डावीकडे बोट केलं. त्यांनी मशीनवर तपासणी केली. उजव्या कानाची नस अचानक गेली होती. कशामुळे, ते सांगता येत नाही म्हणाले. सुरुवातीच्या दिवसांत आला असतात तर काही आशा होती, हेही त्यांनी हळूच सांगितलं. ते दिवस माझा स्पीकर इंदूरला पडून होता. गोळ्या झाल्या, जळगावला जाऊन कानात इंजेक्शनं झाली. शिट्टी राहिली, बाकी काही आलं नाही.

ताईंना मी सगळं सांगितलं आणि काम दुसऱ्याकडे द्या म्हणालो. त्या ऐकेनात. "तुम्हीच करा भाऊ, मला घाई नाही," म्हणाल्या, आणि नवरात्र तर तोंडावर आलं होतं.

मग बायको ऑफिसातून आली की माझ्याबरोबर वर येऊन बसायची. आधी मी गझल लावायचो.

"बाई कुठे उभी आहे?"

"मधोमध."

मग ताईंचं गाणं. "आता?"

"थोडी उजवीकडे. नाही, थांबा. आता जास्त झालं."

दिवसभराच्या कामानं तिचे डोळे मिटत असायचे. संगीताची तिला कधीच हौस नव्हती, पण तिनं एकदाही कुरकुर केली नाही. पडद्यावरचे आवाजाची पातळी दाखवणारे काटे पाहून आणि तिच्या सांगण्यावरून मी सगळी गाणी पुरी केली. ताईंनी ऐकली आणि छान झालीत म्हणाल्या.

नवरात्रात आम्ही इच्छापुरला गेलो. पायऱ्यांच्या खाली भोंग्यावर ताईंचं गाणं लागलं होतं. भोंग्याला डावं-उजवं नसतं, तिथे एक कान पुरतो. पहिल्याच कडव्यात मला कळलं की हे मी केलेलं नाही. गळ्यामागे एक लांबट घुमारा होता, तो मी दिला नव्हता. पेटी खाली बसवली होती, ढोलक भरीव झाला होता. गाणं चांगलं वाजत होतं. माझ्यापेक्षा चांगलं.

बायकोला काही कळलं नाही. ती म्हणाली, "बघा, किती साफ ऐकू येऊन राहिलं." मी हो म्हणालो.

दर्शन घेऊन उतरताना ताई भेटल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं.

"भाऊ, खंडव्याला एकाकडून थोडं ठीक करून घेतलं. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

"चांगलं केलंत ताई," मी म्हणालो. खरंच चांगलं केलं होतं. बायकोनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून पुढे चालू लागली. बसमध्ये ती खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत राहिली. संध्याकाळी ती वर आली नाही. मीही बोलावलं नाही.

आता मी फक्त रेकॉर्डिंग करतो. शुक्रवारी लोक येतात, गातात, आणि ते कच्चं काम मी खंडव्याच्या त्याच माणसाकडे पाठवतो. तो भला माणूस आहे. मिक्स झालं की परत पाठवतो आणि कसं वाटलं म्हणून विचारतो. मी एकदा ऐकतो, शब्द कळतात का तेवढं पाहतो, आणि ठीक आहे असं कळवतो.