शेवटची उंची

चेन्नईच्या पेरुंगुडीतले आमचे शेजारी काका रेल्वेतून निवृत्त झालेले. माउस धरला की श्वास रोखायचे. प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत एका बोटानं टाइप करायचे. वारलेल्या मुलाच्या हौशी रॉकेटमधला उंची मोजणारा छोटा कॉम्प्युटर त्यांना माझ्याकडून वापरायला शिकायचा होता. चालू केला, की तो मुलानं केलेल्या शेवटच्या उड्डाणाची उंची बीप वाजवून सांगायचा.

सगळं सेटिंग झाल्यावर मी म्हणालो, "काका, पुन्हा उडवलंत तर ही उंची पुसली जाईल."

"ठाऊक आहे मला."

रविवारी श्रीपेरुंबुदूरजवळच्या माळावर त्यांनी ते बीप शेवटपर्यंत ऐकले आणि स्वतः बटण दाबलं. रॉकेट वर गेलं, पॅराशूटनं उतरलं. ते कानाशी धरून, नवे बीप मोजून काका हळूच म्हणाले, "त्याच्यापेक्षा कमीच गेलं. बरं झालं."