बिनतिखटाचा पुडा

राग माझ्या लहानपणापासून नाकावर. वडील जावा बेटावरून परत आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि ते मला "बाळ" म्हणाले म्हणून मी त्यांच्याशी पहिला अबोला धरला. ते गेले तेव्हा मी म्हणे रांगत होते. कापडाच्या एका पेढीवर कारकून म्हणून गेले, तीनेक वर्षं पत्रं आली, मग तिकडे लढाई पोचली आणि पत्रं थांबली. लोक आईला म्हणाले, कुंकू पूस. तिने पुसलं नाही. विणकरांच्या कांड्या भरून देत बुऱ्हाणपुरातल्या दोन खोल्यांत ती मला घेऊन राहिली.

असा माणूस एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन ओसरीवर उभा राहिला. आईने हातपाय धुवायला पाणी दिलं आणि तोंड मिटलं. पेटी ओसरीवरच राहिली. वडीलही तिथेच झोपत. आई त्यांच्याशी बोलायची ती माझ्यातर्फे. "त्यांना सांग, पाणी तापलंय." ते दोन हातांवर बसलेले असत. "आईला सांग, उठतो." दिवसभर मी मागावरच्या धोट्यासारखी इकडून तिकडे फिरत होते.

लढाई संपून तीन वर्षं झाली, तरी हा माणूस इतके दिवस का आला नाही, एवढंच आईला कळायला हवं होतं. एकदा तिने माझ्याकरवी विचारलं. वडील बाहेर बघत राहिले. मग तिने शाहपूरच्या मामाला निरोप धाडला. रविवारी मामा बैलगाडी घेऊन येणार आणि आई म्हणाली तर पेटी गाडीत टाकून वडिलांना स्टेशनावर सोडणार, असं ठरलं. हे मला ठाऊक होतं. ज्या पोरीकडून निरोप पाठवायचे तिच्यापासून काय लपणार? वडिलांनाही ठाऊक असावं, कारण शनिवारी त्यांनी माझ्यातर्फे विचारलं, उद्या मी रांधू का?

"त्यांना सांग, माझ्या चुलीला हात लावायचा नाही."

म्हणून त्यांनी परसात तीन विटा मांडल्या.

त्या रविवारचा क्रम मला आजही नीट लागत नाही. थंडीतलं पिवळं ऊन, धूर सरळ वर जातोय, आणि त्या धुराच्या पलीकडे पाटावर बसलेले वडील कधी दिसतात, कधी नाही. नारळाच्या दुधात भात शिजत होता. त्यात त्यांनी आमच्या विहिरीकाठचा गवती चहा गाठ मारून टाकला. भातात गवती चहा! मी नाक मुरडलं. पण वाफ आली तसा तो वास परसभर झाला, भिंतीवरून शेजारी गेला, आणि मला वाटलं, समुद्र असाच असेल. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. वडील दाणे भाजत होते, कुटत होते, त्यात चिंच, गूळ, मिरच्या घालत होते, आणि हे करताना त्यांच्या तोंडून कसलंसं गाणं येत होतं. शब्द एकही कळत नव्हता. आई आत कांड्या भरत होती. तिच्या रहाटाचा आवाज मधेच थांबे, मग पुन्हा सुरू होई.

मामा केळीची पानं घेऊन आला. वडिलांनी पानाच्या मधोमध भात वाढला आणि सभोवती चवळीच्या शेंगा ओल्या खोबऱ्यात कालवलेल्या, तळलेली वांगी, काकडी, अंड्याच्या पोळीच्या बारीक कातऱ्या, वरून दाण्यांचं ते घट्ट कालवण. आमच्यात पानावर मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुणीकडे, सगळं ठरलेलं. इथे कशालाच जागा नाही. याला तिकडे नासी चांपूर म्हणतात, ते म्हणाले, मिसळीचा भात. त्या वर्षी पेपरात रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन झाल्याची बातमी असे, तेव्हा मामा म्हणाला, दाजी, तुमच्या पानावर तर सगळीच विलीन झाली की. मग पहिला घास घेतला आणि पानावर वाकला.

मीही घास घेतला. गोड, आंबट, तिखट, आणि मागून तो गवताचा वास. प्रत्येक घास निराळा लागे. मला वडिलांचा राग होता आणि मला तो भात संपू नये असं वाटत होतं. आईसाठी वाढलेलं पान झाकून ठेवलं होतं. ती बाहेर आली नाही.

जेवणं झाल्यावर वडील उरलेल्या भाताचे पुडे बांधू लागले, मामाला वाटेत खायला. पान निखाऱ्यावर धरायचं, मऊ झालं की भात ठेवून दुमडायचं, काडी खोचायची. त्यांचं लक्ष हातांकडे नव्हतं. ओठांवर तेच गाणं. दोन पुडे झाले. तिसऱ्यासाठी त्यांनी तळहाताएवढा पानाचा तुकडा घेतला, त्यावर चार घास भात ठेवला, वांग्यावरची मिरची बोटाने बाजूला केली, अंड्याच्या कातऱ्या तेवढ्या वर ठेवल्या आणि पुडा बांधला.

माझं डोकंच फिरलं. "मी एवढी लहान नाहीये. मला तिखट चालतं."

गाणं थांबलं. वडील हातातल्या पुड्याकडे असे बघत राहिले, जणू तो कुणी दुसऱ्यानेच बांधला होता. आतला रहाट थांबला. आई दारात आली. तिने पुडा पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मधे न घालता बोलली.

"केवढा होता?"

वडिलांनी जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरला.

"आणि आता?"

"लढाईच्या शेवटच्या साली ताप आला. माय-लेकरू, दोघंबी गेले. मंग मले कोनच्या तोंडानं येऊ, समजे ना."

हात तसाच अधांतरी राहिला. आई आत गेली. मामा उठून बैलांकडे गेला. मला वाटलं, संपलं. आत्ता पेटी उचलतील. आणि मला रडू आलं, कुणासाठी ते कळत नव्हतं.

आई हात धुऊन बाहेर आली. विटांपाशी मातीतच बसली, आपलं झाकलेलं पान पुढे ओढलं. मग वडिलांच्या हातातला तो पुडा घेतला, काडी काढली आणि माझ्यापुढे सरकवला.

"खाय," ती म्हणाली. "तुझ्या भावाचं हाय ते."

मी सगळं खाल्लं. भात गार झाला होता. आई जेवून उठली, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, चल, पेटीची एक कडी तू धर. मामाची गाडी बाहेर उभी होती. मी दाराकडे वळले, तर तिने पेटी आतल्या खोलीकडे ओढली.