जयमालाची चार वर्षं

श्यामचा अभिमान नडला, दुसरं काही नाही. माणूस वाईट नव्हे हो, पण बायकोचं कौतुक नको तिथे उतू गेलं.

त्याचं झालं असं. जपानात निशी-कसाईला बिऱ्हाड थाटल्यावर वर्षभरात जयमाला एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला लागली. जरा कुठे रुळते तोच साताऱ्याहून सासरे आले. बाळासाहेब म्हणजे एसटीचे कंट्रोलर. त्यांनी माइकवर गाडी पुकारली की बाकावर पेंगणारे प्रवासी पिशव्या उचलून पळायचे. सासूबाई गेल्या, हे एकटे पडले, म्हणून श्यामने तीन महिन्यांसाठी आणलं. दुसऱ्याच महिन्यात पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि तो खणखणीत आवाजही गेला. विमानात बसवायची सोय नाही, घरात दुसरं माणूस नाही. जयमालाने नोकरी सोडली. तिला कुणी सोड म्हणालं नाही आणि सोडू नकोस असंही कुणी म्हणालं नाही.

श्यामच्या कंपनीने तेव्हा रीतसर विचारलं, "पत्नी आता तुमच्यावर अवलंबून आहेत ना?" नुसतं हो म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर घरी असलेल्या बायकोचीही वर्षं तिच्या पेन्शनमध्ये धरली गेली असती, असा तिथला नियम. पण गडी पडला साताऱ्याचा! "एम.कॉम. आहे ती! माझ्यावर कसली अवलंबून?" असं म्हणून त्याने ठणठणीत "नाही" लिहून दिलं आणि घरी येऊन वर मोठ्या तोऱ्यात सांगितलंही. जयमालाला तेव्हा बरंच वाटलं होतं.

२००७ साली बाळासाहेब हिंडूफिरू लागल्यावर ती पुन्हा नोकरीला लागली, तेव्हा ते उजेडात आलं. तिच्या पेन्शनच्या नोंदीत मधली चार वर्षं कोरी होती. सगळा प्रकार ऐकून श्यामचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी गं. थोडेफार पैसे..."

"पैसे घाल चुलीत!" जयमाला कडाडली. "कोरी म्हणजे काय? चार वर्षं मी काय झोपा काढल्या? मला ती वर्षं माझ्या नावावर हवीत."

राहून गेलेली वर्षं मागाहून अर्ज करून नोंदवता येतात, असं कळलं. कचेरी शनिवारी उघडी नाही, रविवारी नाही, श्यामला रजाच काढावी लागली. काढली बिचाऱ्याने. दोघं निघाली तर दारात बाळासाहेब बूट घालून हजर.

"बाबा, तिथे ताटकळायला लागेल. तुम्ही कशाला?"

"मी येणार," बाळासाहेब म्हणाले. त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

पेन्शनच्या कचेरीत खिडकीवर मोरी-सान नावाच्या बाई होत्या. श्यामने आपली चूक कबूल केली, दोनदा वाकला, तिसऱ्यांदा वाकणार तर त्यांनीच थांबवलं. कागद चाळून त्या जयमालाला म्हणाल्या, "त्या वर्षांत तुमचं उत्पन्न नव्हतं, एवढं यावरून दिसतं. अर्ज का राहिला, ते मला लिहावं लागेल. त्या काळात तुम्ही काय करत होतात?"

एवढी भांडून आलेली बाई, आणि तोंडून काय निघावं? "विशेष काही नाही. घरीच होते."

"उसो!"

उसो म्हणजे खोटं. बागेतल्या जपानी म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळताना बाळासाहेबांनी कमावलेला शब्द. काठी टेकत ते खिडकीपाशी आले आणि मराठीत सुरू झाले. श्याम जमेल तसं जपानीत सांगत गेला.

"माझी जीभ वळत नव्हती, बाई. लहान मुलासारखी लाळ गळायची. ही मला धरून रोज स्टेशनवर न्यायची. गाडी आली की म्हणायची, बाबा, तुमची गाडी आहे, पुकारा! मी नुसता आ-आ करायचो. लोक बघायचे. मला लाज वाटायची, हिला वाटायची नाही. वर्ष गेलं तेव्हा एक शब्द फुटला. कसाई! त्या दिवशी हिने घरी श्रीखंड केलं." म्हाताऱ्याने सुनेकडे बोट दाखवलं. "आणि म्हणे, घरीच होते! आता ऐका."

त्यांनी काठी श्यामच्या हातात दिली, पाठ ताठ केली आणि त्या गाडीची स्टेशनं पुकारायला आवाज लावला.

"तोयोचो! मिनामी-सुनामाची! निशी-कसाऽऽई!"

अख्खी कचेरी वळली. बाकावर डुलक्या घेणारे एक आजोबा दचकून उभेच राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. श्यामला यातल्या एका अक्षराचंही भाषांतर करावं लागलं नाही आणि करताही आलं नसतं. पोरगा ढसाढसा रडत होता.

मोरी-सानने मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. शिक्का मारला. "ही वर्षं तुमच्या नोंदीत धरली जातील," त्या म्हणाल्या. मग खुर्चीतून उठल्या, जयमालाकडे वळून कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा देश्ता."

काम संपवून निघणाऱ्या माणसाला जपानी ऑफिसात हेच म्हणतात. दमलात, खूप काम केलंत. श्याम रोज संध्याकाळी दहा जणांकडून ऐकायचा. त्या चार वर्षांत जयमालाला हे एकदाही कुणी म्हटलं नव्हतं.

उत्तरादाखल वाकायचं असतं, हे ती साफ विसरली. पदर नव्हता, जॅकेटच्या बाहीनेच तिने डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत खळखळून हसली. "हो," ती मराठीतच म्हणाली, "दमले होते हो मी."