देवीची कृपा आणि उजवा अंगठा

मुलुंडच्या एका खासगी क्लासमध्ये मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. शिकवतो म्हणजे ओरडतो. माझा सगळ्यात लाडका धडा मज्जापेशींचा. त्या दिवशी पोरांना एकामागे एक बसवायचं आणि सगळ्यात मागच्याच्या पाठीत बोट खुपसायचं. तो ताडकन उठतो, पुढच्याला खुपसतो आणि खाली बसतो. पुढचा उठतो. कोणी आपली जागा सोडत नाही, तरी धक्का पहिल्या बाकापर्यंत पोचतो. पोरं हसतात, बाजूच्या वर्गातल्या मॅडम दार वाजवतात, मी त्यांच्यावरही ओरडतो.

मग सांगतो, बघा रे, पेशीच्या आत बाहेरच्या मानाने थोडा ऋण भार असतो. आवरणाला बारीक बारीक दारं असतात. टोचलं की दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि तेवढा तुकडा क्षणभर धन होतो. त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. मागे पोटॅशियम बाहेर पडतं आणि तो तुकडा पुन्हा पहिल्यासारखा होतो. ज्या तंतूवर चरबीचं वेष्टण असतं, तिथे निरोप मधल्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो, म्हणून लवकर पोचतो. शेवटी टेबलावर हात आपटून सांगतो, अर्धा निरोप नसतो! गेला तर पूर्ण, नाहीतर नाहीच. आणि सगळ्यात लांब तंतू कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातात, शुगर वाढली की पहिली त्यांची वाट लागते.

हे मी दरवर्षी सांगतो. मला स्वतःला शुगर आहे, बरीच वर्षं आहे. आता पुढचं वाचून तुम्ही मला मूर्ख म्हणाल. म्हणा, मी वाद घालणार नाही.

आमचं घर मूळचं कोकणातलं. नवरात्रात अनवाणी राहायचं, हे माझे वडील करायचे आणि मीही करतो. गेल्या नवरात्राच्या आदल्या दिवशी मुलीने माझ्या चपला दाराच्या अगदी मधोमध आणून ठेवल्या.

"बाबा, या वर्षी नको ना. तुझी शुगर बघ किती आहे."

"तू मला बायोलॉजी शिकवणार काय गं?" मी म्हणालो. ती बँकेत नोकरी करते. तिचा चेहरा पडला. चपला मी कपाटात टाकल्या.

एरवी पहिले दोन दिवस पाय नुसते पेटतात. यंदा काहीच नाही! दुपारी सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक तव्यासारखे तापायचे, पोरंटोरं उड्या मारत पळायची आणि मी आपला त्यावर उभा राहून मंडपवाल्याशी भांडायचो. मला वाटलं, झकास. आणि वाटलं ते मनात ठेवीन तर तो मी कसला? संध्याकाळच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर बोललोच, "यंदा खडा टोचत नाही की चटका बसत नाही. देवीची कृपा, दुसरं काय!" लोकांनी हात जोडले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या नव्या सुनेला पुढे केलं आणि म्हणाल्या, काकांच्या पाया पड. ती बिचारी वाकली. मी आशीर्वाद दिला. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, लाजेने.

दोन दिवसांनी सकाळी बायका मंडपात रांगोळी काढत होत्या, सगळ्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसून. मी मधून दोनदा गेलो, उगाच देखरेख करायला. मागे कोणीतरी किंचाळलं. पांढऱ्या रांगोळीच्या कडेने लाल ठिपके पडले होते.

लगेच मी पुढे. "कोणाच्या पायाला लागलंय? काय माणसं आहात रे! रक्त येतंय आणि पत्ता नाही? चला, एकेकाने पाय वर करा!" आणि सगळ्यांनी केले हो. माझं ऐकून सोसायटीतल्या एका आजोबांनीसुद्धा खुर्चीवर बसून पाय दाखवले. मी वाकून वाकून तपासत होतो.

बायको हळूच म्हणाली, "अहो, तुमचा बघा."

"माझ्या पायाला काय धाड भरलीये?"

तिने खाली बसून माझा पाय हातात घेतला. उजव्या अंगठ्यात, मांसात, मंडपाचं कापड ठोकायचा खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. भोवतीची कातडी काळी पडली होती आणि वास येत होता. म्हणजे तो आजचा नव्हता. "ह्यां काय करून ठेवल्यात?" ती म्हणाली. चिडली की ती मालवणीवर येते, पण त्या दिवशी ती चिडलेली नव्हती. त्या नव्या सुनेने नजर वळवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

हॉस्पिटलात मुलगी बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल का हे आत्ताच सांगता येत नाही. आधी पाय कुठपर्यंत जिवंत आहे ते बघू. त्यांच्याकडे नायलॉनची बारीक तार होती. "डोळे मिटा काका. स्पर्श कळला की हो म्हणा." मी पापण्या किलकिल्या करून बघतोय हे त्यांनी ओळखलं. तेव्हा मुलीने माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला.

थोडा वेळ गेला. आता तरी टेकवली असेल, असं मला वाटलं. "हो," मी म्हणालो. जरा थांबून पुन्हा, "हो." अगदी ठणठणीत आवाजात.

"काका, मी अजून हातच लावलेला नाही."

मुलीचा तळहात माझ्या डोळ्यांवरच होता. मला हात काढून घे म्हणायचंही धाडस झालं नाही, कारण मग तिच्याकडे बघावं लागलं असतं. त्यानंतर मी खरं सांगायला लागलो. तळवा? नाही. टाच? नाही. घोटा? नाही. पोटरीच्या मध्यावर कुठेतरी खरंच काहीतरी कळलं. मी हो म्हणालो.

"नक्की?" तिने विचारलं.

अंगठा त्याच आठवड्यात काढावा लागला. मी वॉर्डात आल्यावर तिने पांघरूण नीट केलं आणि विचारलं, "दुखतंय का रे बाबा?"

"नाही," मी म्हणालो. खरंच दुखत नव्हतं.

ती मान हलवून उठली आणि नर्सला विचारायला गेली.