देवघराची भिंत

हनुमंतनगरचं ते घर बघायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा आणि माझ्या माहेरचं घर बांधलेले म्हातारे मेस्त्री. त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो. भाड्याचं घर आम्हाला महिनाअखेर सोडायचं होतं आणि या घरासाठी दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. हो की नाही, ते दुपारच्या आत सांगायचं होतं.

माझ्या वहीत सतरा गोष्टी लिहिलेल्या होत्या. गच्चीचा उतार, टाकी, नळाचं पाणी, खिडक्यांच्या चौकटी. अण्णा नाण्याने भिंती ठोकत पुढे आणि मी खुणा करत मागे. तासाभरात सतराही झाल्या. नवऱ्याला चिकपेटचं दुकान उघडायचं होतं. तो चपला घालून उभा राहिला.

देवघर वहीत नव्हतंच. परक्याच्या देवघरात काय तपासायचं, असं मीच ठरवून आले होते. अण्णा मात्र त्याच्या उंबऱ्याशी थांबले. समोरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत देवांच्या तसबिरी होत्या, मध्ये बोटभर जागा नाही.

"बाकीच्या भिंतींवर एकही नाही," ते मला हळूच म्हणाले. "इथेच एवढी गर्दी कशाला?"

घर विकण्यापुरता परदेशातून आलेला मालकिणीचा मुलगा म्हणाला की देवांना हात लावलेला आईला चालत नाही. नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे आता. मलाही संकोच वाटत होता. पण त्या भिंतीपलीकडे आमच्या मुलांची खोली होणार होती.

मुलाची आई, ऐंशीच्या घरातली अज्जी, खुर्चीत बसून होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि कानडीत म्हटलं, "अज्जी, आम्ही कुणी हात लावत नाही. तुम्हीच काढाल का?"

 ती उठली, हातपाय धुऊन आली आणि एकेक तसबीर कपाळाला लावून पाटावर ठेवू लागली. मुलगा दोनदा म्हणाला, "अम्मा, राहू दे." तिने ऐकलं नाही.

चौथ्या तसबिरीमागे चीर दिसली. पुढच्या तसबिरी निघत गेल्या तशी ती वर वर निघाली, तिरपी. अण्णांनी नाणं लावलं, ते सहज आत गेलं.

"शेजारच्यांनी तीन मजल्यांसाठी पाया खणला, तेव्हापासून आहे," अज्जी म्हणाली. "दर वर्षी स्वल्प वर चढते. चढली की मी एक देव लावते."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं.

अण्णा म्हणाले, भिंत खालून खचतेय, नुसतं बुजवून भागणार नाही. नवरा माझ्याकडे बघत होता. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते.

"नको," मी म्हटलं.

मुलगा दुरुस्ती करून देण्याचं बोलू लागला. मी पुन्हा नको म्हटलं. अज्जीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती अण्णांना विचारत होती, "मी आहे तोवर पडणार नाही ना?"

"नाही अज्जी," अण्णा म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

 परतताना मी ऑटोने नवऱ्याला दुकानाशी सोडलं आणि तशीच आमच्या घरमालकांकडे आणखी महिनाभराची मुदत मागायला गेले.