ताडकळसचं दळण आणि देशाची महागाई

रामकिशनला हळू बोलता यायचं नाही. वडिलांनी ताडकळसला बाजाराच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी टाकली तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. तेव्हापासूनचं आयुष्य पट्ट्याच्या घरघरीत गेलं आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढायची सवय अशी जडली, की तो जेवताना, एसटीत, अगदी मयतीलासुद्धा ओरडूनच बोलायचा. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेला असताना त्यानं बायकोच्या कानात सांगितलं, "पोरगी चांगली हाय, पण पोहे लय खारट." आतून चहा आलाच नाही.

बाकी माणूस सरळ. शेती भावाकडं, संसार गिरणीवर. एकाच्या दळणात दुसऱ्याची मूठ मिसळू द्यायचा नाही. भुवयांवर बारा महिने पीठ, त्यामुळं त्याचं खरं वय गावात कुणालाच सांगता यायचं नाही.

एका बाजारच्या दिवशी गिरणीसमोर स्कूटी थांबली. परभणीहून आलेली तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिचं नाव शुभदा.

"काका, ज्वारीच्या दळणाला किलोमागं काय घेता?"

रामकिशननं आधी ते ओळखपत्र बघितलं. गळ्यात ओळखपत्र घातलेलं माणूस एक तर टॅक्सवालं असतं, नाहीतर मीटर बघायला आलेलं. त्यानं मनात झटपट हिशेब केला आणि म्हणाला, "तीन रुपये."

शेजारीच धुरपताबाई दळलेल्या पिठाचा डबा कमरेवर घेऊन निघाली होती. ती जागच्या जागी थांबली.

"तीन? आरं, आत्ता माझ्याकून पाचनं घेतलास की!"

"मावशी, तू जा बरं घरी."

"जाते की. वरचे पैसे दे, जाते."

मागं रांगेत बसलेल्या बायांनी हे ऐकलं आणि एकेक उठली. "मंग आमचेबी दे. गेल्या बाजारचेबी दे." रामकिशन एका हातानं पीठ सावरत दुसऱ्या हातानं बायांना थोपवायला लागला. शेवटी शुभदाच मधे पडली. आपण टॅक्सच्या नाही, विजेच्या नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. सरकार दर महिन्याला ठरलेल्या गावात, ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या वस्तूचा भाव विचारतं. मीठ, तेल, चहा, ब्लाउजची शिलाई, तसंच दळण. घरखर्च किती वाढला ते त्यावरून काढतात.

"म्हणून सांगायचा भाव नको मला, काका. खरोखर घेता तो पाहिजे."

"पाच लिहा," रामकिशन पडेल आवाजात म्हणाला, म्हणजे एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं. "पर हे जातं कुठं?"

"दिल्लीला. तिथं सगळ्या देशाची महागाई काढतात. तुमच्या दुकानाचं नाव गुप्त राहतं बरं का. तुम्हीपण कुणाला सांगू नका."

"मी कामून सांगू?" रामकिशन म्हणाला. समोरच्या कोथिंबीरवाल्यानं मान वर केली. दिवस मावळायच्या आत ही गुप्त बातमी साऱ्या बाजारात झाली होती.

त्या दिवसापासून रामकिशनची चाल बदलली. त्यानं दारावर भावाची पाटी लावून खडूनं पाच लिहिला आणि धुतलेली टोपी घालून गिरणीवर यायला लागला. सलूनमध्ये जाऊन पेपरात महागाईची बातमी शोधायचा. एकदा 'महागाई आटोक्यात' असा मथळा सापडला, तेव्हा अर्धी दाढी झालेली असतानाच तो खुर्चीतून उठला. "आटोक्यात ऱ्हाणारच! म्या पाचावर धरून ठेवलोय ना!"

त्याची बायको झुंबरबाई हे सगळं बघत होती. गिरणीचं विजेचं बिल तीच भरायची. पट्टा उसवला होता, दगड गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायची झाली होती, आणि शेजारच्या गावांत कधीचे सहा रुपये झाले होते.

"आवो, आता सहा करा."

"तुला वाटतं तेवढं सोपं न्हाई ते. मी सहा केले की दिल्लीत गडबड व्हईल."

"होऊ द्या गडबड. हितं बिल भरताना मला घाम फुटायलाय, त्याचं काय?"

"देशाची जिम्मेदारी हाय, झुंबर."

झुंबरबाईनं हातातला झाडू खाली ठेवला, नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पुन्हा झाडू उचलून अंगण झाडायला लागली. तिला बोलायचं होतं ते सगळं झाडूतून निघालं.

मग एके दिवशी व्यंकटराव गुरुजी आले. रिटायर हेडमास्तर, पेन्शनवर. जन्मात कधी डबा घेऊन गिरणीची पायरी चढले नव्हते. हातात पेरूंची पिशवी होती.

"रामकिशन, तू सात कर."

"सात? कामून?"

गुरुजींनी खुर्ची जवळ ओढली. "महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. भत्ता वाढला की माझी पेन्शन वाढते. तुला काय, पाटीवर एक आकडा बदलायचा. इकडं सगळ्या पेन्शनवाल्यांचे आशीर्वाद मिळतील तुला."

हे धुरपताबाईच्या कानावर जायला उशीर लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती कारळाची चटणी घेऊन हजर. "बाबा, तू कुणाचं ऐकू नगंस. पाचाच्या वर जाऊ नगंस. गरिबाचा तळतळाट लागंल."

रामकिशननं चटणी भाकरीबरोबर खाल्ली, त्यावर पेरू खाल्ला आणि भाव पाचच ठेवला. मात्र दोन्ही बाजूंनी आपली मनधरणी होतेय, हे सुख त्याला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. लग्नातसुद्धा तो रुसला होता तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात शुभदा आली. गुरुजी सहज आल्यासारखे आधीच येऊन बसले होते, सोबत पेरूंची नवी पिशवी. रामकिशननं ऐन गर्दीत गिरणी बंद केली. बाया चकित झाल्या. त्यानं टोपी सारखी केली आणि विचारलं, "मॅडम, मी भाव वाढवू का थांबू? दिल्लीचं काय म्हणणं हाय?"

शुभदाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिनं हसू आवरायला टॅबमध्ये तोंड घातलं.

"काका, अशी हजारावर गावं आहेत देशात, शहरं वेगळी. त्यात धान्य, भाजी, दवाखाना, बसभाडं, सगळंच असतं. घरखर्चात ज्याचा वाटा मोठा, त्याचं वजन जास्त धरतात. दळणाचा वाटा अगदी थोडा."

"थोडा म्हंजे किती?"

"तुमच्या भुवईवर पीठ आहे ना? अख्ख्या गिरणीतल्या पिठाच्या मानानं ते जेवढं, त्याहून कमी."

रामकिशनचा हात आपोआप भुवईकडं गेला.

"पण भत्त्याचं काय?" गुरुजी पुढं सरकले.

"सर, तुमचा भत्ता ह्या आकड्यावर नसतोच. कारखान्यांतल्या कामगारांसाठी वेगळा निर्देशांक काढतात, त्यावर असतो. त्याचे भाव कारखान्यांच्या शहरांतून गोळा होतात. ताडकळसचा तिथं काही संबंध नाही."

गुरुजी उठले. पेरूंची पिशवी उचलली आणि घराकडं चालू लागले.

रामकिशन ज्वारीच्या पोत्यावर बसला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. इतके दिवस आपण एवढा मोठा भार तोलून धरला आणि वर काही नव्हतंच, असं काहीसं. झुंबरबाई आतून आली, पाटीवरचा पाच पदरानं पुसला आणि खडूनं सहा काढला. चांगला ठसठशीत. बायांनी कालवा केला, पण पट्टा तुटायला आलेला सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळं कालवा लवकर विझला.

"वाढीचं कारण टाकावं लागतं," शुभदा म्हणाली.

"लिहा की," झुंबरबाई म्हणाली. "मालक देश सांभाळायला गेलते, ते आता वापस आले."

शुभदानं वीज आणि दुरुस्ती असं लिहिलं.

त्यानंतर आठवडाभर रामकिशन इतका गप्प होता की तो आजारी आहे का, असं लोक झुंबरबाईला विचारायला लागले. त्याला पुन्हा कंठ फुटला तो धुरपताबाईमुळं. ती टीव्ही बघून तरातरा आली होती.

"महागाई कमी झाली म्हणून सांगायलेत टीव्हीत! मंग तुझे सहा कसे? पाचच घे."

त्या दिवशी शुभदा निघायच्या आधी तिला चहा पाजून रामकिशननं बरंच विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, "मावशी, महागाई कमी झाली म्हंजे भाव उतरले न्हाईत. चढायलेतच, फकस्त दमानं चढायलेत. गेल्या साली पळत चढले, औंदा कठड्याला धरून."

धुरपताबाईनं जरा विचार केला. "म्हंजे खाली कुणीच उतरत न्हाई?"

"उतरतेत की. कवा कवा टमाटे उतरतेत."

धुरपताबाईनं सहाच्या भावानं पैसे दिले, डबा कमरेवर घेतला आणि सरळ समोरच्या भाजीवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. "टमाटे उतरलेत म्हणं. गिरणीवाला सांगायलाय, त्येला दिल्लीचं सगळं माहीत असतंय."

भाजीवाल्यानं वळून रामकिशनकडं असं काही बघितलं, की त्यानं लगेच बटण दाबून गिरणी चालू केली.