भुंगेबाईंच्या मागे

भुंगेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकीच्या कडा बघायच्या. तिथे मरून पडलेला एखादा भुंगा दिसला की पर्समधून हिंगाची रिकामी डबी निघायची. भोसरीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा त्या वास्तुशांतीला आल्या आणि हॉलच्या खिडकीत त्यांना काहीतरी हिरवं, चमकणारं सापडलं. झालं! सगळे पाहुणे त्या डबीभोवती. माझं नवंकोरं स्वयंपाकघर बघायला एक माणूस फिरकला नाही.

चिंचवडच्या कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो. 'दोघी' हे मुद्दाम सांगते आहे, कारण लोकांच्या लक्षात एकच राहते. बाई माझ्याहून पुष्कळ मोठ्या. भोसरीपासून चाकणपर्यंतचे भुंगे गोळा करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. विभागातल्या कपाटात काचेच्या झाकणाचे लाकडी खण, त्यात टाचणीवर नीट बसवलेले भुंगे आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी. मुलं "वा!" म्हणायची, पालक "वा!" म्हणायचे, प्राचार्य तर पाहुण्यांना चहाच्या आधी तिथेच न्यायचे. मी जळायचे. चारचौघांत मी त्याला 'वाईट वाटणं' म्हणत असे, पण खरा शब्द जळणं हाच.

चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर रात्रभर मोठे दिवे असतात. सकाळी त्यांच्याखाली किड्यांचा सडा पडलेला असतो आणि वॉचमन तो झाडून टाकतो. एकदा बाई मला घेऊन अशाच एका गेटवर गेल्या. वॉचमन आडवा आला.

"आत न्हाई सोडता येनार, बाई. सायबांची ऑर्डर हाय."

"आत कुणाला यायचंय, भाऊ? मला तुमचा केर हवाय. झाडू मारायच्या आधी एक फोन कराल?"

तो हसला आणि त्याने बाईंचा नंबर घेतला. त्याच्याकडून शेजारच्या गेटवाल्याने घेतला. होता होता त्या पट्ट्यातले सगळे वॉचमन बाईंचे भाऊ झाले. माझं घर चाकणला जास्त जवळ, म्हणून मीही दोघातिघांना माझा नंबर देऊन ठेवला. एका सकाळी फोन आला. मी चपला पायात सरकवतच उचलला.

"मॅडम, शिंगवाला भुंगा घावलाय. बाईंचा फोन लागंना, जरा निरोप द्या की."

दिला निरोप. काय करणार!

पुढे चाकणच्या बाजूला एका लग्नाला गेले असताना मलाच एक मोठा काळा भुंगा मिळाला. दुसऱ्या दिवशी मी तो ऐटीत बाईंच्या टेबलावर ठेवला.

"कुठे सापडला?"

"चाकणला."

"चाकण केवढं आहे, अगं! कुठल्या शेतात? शेणात होता की झाडावर?"

"कार्यालयाच्या आसपासच कुठेतरी..."

"मग राहू दे. पत्ता नसला की तो नुसता मेलेला किडा." आणि त्यांनी तो माझ्या हातात परत दिला.

बाईंच्या चिठ्ठ्यांवर बांध, बाभूळ, विहीर, कुणाचा गोठा, सगळं असायचं. त्यातल्या कित्येक गोठ्यांच्या जागी आता कंपन्यांच्या शेड आहेत. गुरं नाहीत, शेण नाही, तर शेणातले भुंगे कुठून येणार? म्हणून तर आज संशोधक लांबून ते खण बघायला येतात. बाईंचं बरोबर होतं, हे मला त्या दिवशीही कळत होतं. त्यामुळे राग जास्तच आला.

निवृत्तीच्या सुमारास बाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं. संग्रह कुणाला मिळणार, याची स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली. मला तो हवा होता. इतका हवा होता की मी त्या चर्चेत तोंडसुद्धा उघडलं नाही. तो समीरला, त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याला मिळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याच्याइतकं तोंडभर कौतुक दुसऱ्या कुणाला जमत नसे. आणि एके दिवशी बाईंनी कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"मला? अहो, समीर आहे की."

"समीरला बघायला आवडतं. बघणारे चार दिवस बघतात, मग खणात मुंग्या शिरतात. तू इतकी वर्षं माझ्यावर जळतेस, ते मला दिसत नाही होय? डांबरगोळ्या वेळेवर बदलायला तुझ्यासारखंच माणूस लागतं."

मला रडू आलं आणि रागही आला. माझ्या मनातलंसुद्धा त्यांनाच आधी ठाऊक असावं!

पुढे नाशिकलाच बाई वारल्या. खण जसेच्या तसे आहेत, एका भुंग्याचा पायही मी तुटू दिलेला नाही. येणारे अजून त्याला 'बाईंचा संग्रह' म्हणतात आणि मला अजून टोचतं. आता माझ्याही निवृत्तीला फार दिवस राहिले नाहीत, म्हणून मी येणाऱ्यांकडे नीट बघत असते. बहुतेक जण कौतुक करतात, फोटो काढतात आणि जातात. परवा आमच्या विभागात नव्याने लागलेल्या मॅडम आल्या. त्यांनी एकूण एक खण उघडून पाहिला, पण कौतुकाचा चकार शब्द काढला नाही. निघताना ओठ आवळून एवढंच म्हणाल्या, "किल्ल्या कायम तुमच्याकडेच असतात का?"

मी त्यांना चहाला थांबवून घेतलं.